न कमावलेल्या जागेवर

नाशिकमध्ये धर्माविषयी बोलायचे म्हटले की गोदावरी मध्ये येतेच. रामकुंडावर पहाटेपासून माणसे उतरतात. बारा वर्षांनी सिंहस्थ आला की सारा देश इथे लोटतो. पाण्याने माणूस किती शुद्ध होतो, या प्रश्नाचा या गावाने शेकडो वर्षे काथ्याकूट केला आहे. त्यामुळे ख्रिस्ती श्रद्धेतल्या कृपेवर नाशिकमध्ये बोलताना रोम किंवा जिनिव्हापासून सुरुवात करायची गरज नाही. गंगापूर रस्त्याच्या बाजूला गोदाकाठी जलालपूर नावाचे गाव आहे, तिथून सुरुवात करता येते.

या जलालपुरात १८६८ साली गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्मली. नाव ठेवले मनकर्णिका. वडील नारायणराव गोखले सोवळ्याचे भोक्ते म्हणण्यापेक्षा सोवळ्याचे कैदी होते. १८५७च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर विटाळाची धास्ती त्यांच्या मनात जी शिरली ती निघाली नाही. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. कोण कुठे शिवले, कुणाची सावली कुठे पडली, याचा हिशेब दिवसभर चाले आणि त्यात घरातल्या बायकामुलांचे हाल होत. याच मुलीने पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, तेव्हा हे सगळे हसत हसत सांगितले. मात्र त्या हसण्याखाली एक भयंकर गोष्ट दिसत राहते. पाणी संपत नाही आणि शुद्धीही पुरी होत नाही. आज स्वच्छ झालेला माणूस उद्या पुन्हा पहिल्या पायरीवर उभा असतो.

कृपेचा विचार या घरासमोर ठेवून पाहिला की त्याची धार कळते. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायाच्या आरंभी विश्वासी माणूस कृपेत उभा आहे, असे म्हटले आहे. आधीच्या अध्यायात त्याने मजुरीचा दाखला दिला होता. काम करणाऱ्याला मिळते ते त्याचे येणे असते, ती कुणाची मेहेरबानी नसते. देवापुढे मात्र माणसाचे येणे काहीच नाही. तरीही त्याला जागा मिळते आणि ती ख्रिस्तामुळे मिळते. जी जागा कमावलेली नाही ती आपल्या कर्तबगारीने राखताही येत नाही. मग तिच्यावर ठाम उभे राहायचे म्हणजे काय करायचे? हा प्रश्न जुना आहे. त्याची उत्तरे प्रवचनांत पुष्कळ सापडतात. इथे ती माणसांच्या आयुष्यांत शोधायची आहेत.

पहिले उत्तर देणारा माणूस स्थैर्यासाठी मुळीच प्रसिद्ध नव्हता. नारायण वामन टिळक १८६१ साली कोकणात करजगावला जन्मले. आई जानकीबाई लवकर गेल्या, वडिलांचा स्वभाव कडक. पोरवयातच घर सुटले. शिकायला ते नाशिकला आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृत शिकून घेतले. १८८०च्या सुमारास जलालपूरच्या मनूशी त्यांचे लग्न झाले. नवरा अठराचा, बायको अकरा-बारा वर्षांची. त्यानंतरची वर्षे गावोगाव भटकण्यात गेली. नोकरी धरायची आणि सोडायची, हातातला पैसा वाटेत भेटेल त्याला द्यायचा, घरातून न सांगता निघून जायचे, महिन्यांनी परतायचे. त्यांच्या संतापाच्या आणि लहरींच्या कथा बायकोनेच लिहून ठेवल्या आहेत आणि त्या झाकण्याची तिने काही तसदी घेतलेली नाही. नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांच्या कामात होते, ‘ऋषी’ नावाचे मासिक चालवत होते. सगळ्या धर्मांतले चांगले तेवढे वेचून नवा धर्म उभारावा, असेही त्यांच्या मनात घोळत होते.

१८९३ साली ते रेल्वेने राजनांदगावला चालले होते. डब्यात एक गोरा मिशनरी भेटला. गप्पा झाल्या, त्याने नव्या कराराची एक प्रत हाती ठेवली आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी ते हसण्यावारी नेले. पुस्तक मात्र वाचायला घेतले. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले आणि तिथून त्यांना निघता आले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या मंडळीत रेव्हरंड तुकाराम नथोजी यांच्या हातून त्यांचा बाप्तिस्मा झाला. चित्पावन ब्राह्मणाला बाप्तिस्मा देणारा पाळक मराठी माणूस होता, याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

त्यानंतर जे झाले ते वाचताना आजही छातीत धस्स होते. इकडे लक्ष्मीबाई, कडेवर लहानगा दत्तू. नवरा जिवंत आहे पण जातीच्या लेखी मेलेला. नाशिक, पंढरपूर, बहीण-मेहुण्यांची घरे यांच्या आसऱ्याने तिने काही वर्षे काढली. पंढरपुरात मेहुणे पेंडसे यांनी तिला जिवापाड सांभाळले. टिळकांची पत्रे येत राहिली. त्यांनी ना दुसरे लग्न केले ना बायकोवर धर्माची सक्ती केली.

ख्रिस्ती वक्ते इथे घाईने पुढे जातात. त्यांना बाप्तिस्म्यापाशी पोहोचायचे असते. पण ही वर्षे घाईने ओलांडण्यासारखी नाहीत. या काळात ठाम उभ्या होत्या त्या लक्ष्मीबाई, आणि त्या ख्रिस्तात नव्हे, आपल्या आचारधर्मात ठाम होत्या. पुढे नगरला नवऱ्याजवळ राहायला आल्या तेव्हाही वेगळे बिऱ्हाड आणि वेगळी चूल होती. नवरा भेटायला यायचा, पण त्याच्या हातचे पाणी चालायचे नाही. निष्ठा ही ख्रिस्ती माणसाची मक्तेदारी नाही, हे या बाईने दाखवून दिले. कृपेचा विचार मांडायचा तर हा मुद्दा आधी मान्य करावा लागतो, नाहीतर तो विचार गावजेवणातल्या बढाईसारखा वाटतो.

मग बदलले काय? लक्ष्मीबाईंना कोणताही दृष्टांत झाला नाही. आकाश फाटले नाही, प्रकाश दिसला नाही. मिशनच्या आवारात राहूनही शिवाशिव पाळायची म्हणजे पाण्याचे, स्वयंपाकाचे किती उपद्व्याप, हे त्यांनी भोगून पाहिले होते. राहुरीला असताना त्यांच्या मनाशी एकदा विचार सुरू झाला. देवाने माणसात फरक केला तो बाई आणि पुरुष एवढाच. बाकीच्या जाती कुणी केल्या? देवाने केल्या असत्या तर त्या प्राण्यांसारख्या दिसायलाही वेगळ्या असत्या. विचार इतका साधा, की एखाद्या शास्त्र्याने तो हसून टाळला असता. लक्ष्मीबाईंनी टाळला नाही. माणसाने केलेली गोष्ट आपण मोडू शकतो, हे मनाशी ठरले आणि त्या दिवसापासून कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे त्यांनी नक्की केले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. आधी ताट बदलले, मग धर्म. हा क्रम लक्षात ठेवावा.

कारण हाच क्रम नव्या करारातही आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात अंत्युखियातल्या एका जेवणाचा प्रसंग येतो. पेत्र तिथे यहुदी नसलेल्या विश्वासी लोकांबरोबर जेवत असे. यरुशलेमेहून काही कडवी माणसे आली आणि पेत्र हळूच पंक्तीतून उठला. त्याच्या पाठोपाठ बर्णबाही उठला. पौलाने पेत्राला सगळ्यांच्या देखत खडसावले. वाद खाण्याचा दिसतो, पण पौलाने त्याला कृपेचा वाद म्हटले. ज्याच्याबरोबर देव जेवायला तयार आहे त्याच्याबरोबर मी जेवणार नाही, असे म्हणणारा माणूस आपली जागा कमावलेली समजतो. आणि हा पेत्र कोण? पहिल्या पत्राच्या शेवटी ही देवाची खरी कृपा आहे, तिच्यात टिकून राहा, असे लिहिणारा तोच पेत्र. महायाजकाच्या अंगणात एका दासीसमोर तो डळमळला, अंत्युखियाला पंक्तीत डळमळला आणि अखेर टिकून राहण्याचा उपदेश त्याच्याच नावे आला. दोन-दोनदा घसरलेल्या माणसाच्या तोंडी हा उपदेश यावा, हे काही योगायोगाचे वाटत नाही.

जलालपूरची सोवळ्यातली मुलगी आणि गालीलातला कोळी पेत्र यांच्यात अठराशे वर्षांचे अंतर आहे. पण दोघांची परीक्षा ताटापाशीच झाली. मराठी मंडळ्यांनी याचा धडा पुरता घेतला, असे म्हणवत नाही. बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या उलटल्या तरी लग्नाच्या बोलण्यात ‘मूळचे कोण’ हा प्रश्न चहाच्या कपाबरोबर हळूच पुढे सरकतो. चरित्रांतून ‘पूर्वाश्रमीचे ब्राह्मण’ अशी ओळख कौतुकाने दिली जाते. ज्यांचे पूर्वाश्रम तितके वरचे नव्हते त्यांची चरित्रे मुळात लिहिलीच गेली नाहीत. टिळक दांपत्यावर एवढे बोलले जाते याचे एक कारण हेही आहे. म्हणून या व्याख्यानाला आता शरणपुरात जायला हवे.

शरणपूर रोड आज नाशिकचा गजबजलेला रस्ता आहे. बँका, दवाखाने, कपड्यांची दुकाने, संध्याकाळी वाहनांची कोंडी. चर्च मिशनरी सोसायटीचे लोक नाशिकला १८३२ सालीच आले होते. १८५०च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने गावाबाहेर ख्रिस्ती लोकांची ही वसाहत वसवली. शाळा, अनाथाश्रम, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवणारे कारखाने, शेती असा तिचा पसारा होता. या वसाहतीत मराठी मुलांबरोबर आफ्रिकेची मुलेही वाढत होती. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमार गुलामांची वाहतूक करणारी गलबते अडवत असे. त्यातून सोडवलेल्या मुलांचे करायचे काय, हा प्रश्न सरकारपुढे होता. त्यातली काही मुंबईला उतरली आणि तिथून नाशिकला पाठवली गेली. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पुढे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. खरे तर त्यांना नाशिककर म्हणायला हरकत नव्हती.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन या शोधक मिशनऱ्याने १८६६ साली आफ्रिकेच्या अखेरच्या सफरीत शरणपूरच्या शाळेतले काही तरुण बरोबर नेले. त्यांच्याविषयी त्याच्या रोजनिशीत कौतुकापेक्षा तक्रारी जास्त आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी वाटेत त्याची साथ सोडली. हेही सांगायला हवे, नाहीतर गोष्ट फारच सोवळी होईल. १८७२ साली त्याच्या मदतीला गेलेल्या तुकडीत नाशिकचे आणखी काही तरुण होते. जेकब वेनराइट त्यातला एक. याओ जमातीत जन्मलेला, बालपणी गुलाम झालेला, शरणपुरात लिहायला-वाचायला शिकलेला.

१ मे १८७३च्या सुमारास आजच्या झांबियात, चितांबोच्या गावात, लिव्हिंग्स्टन मरण पावला. त्याचे सोबती सुसी आणि चुमा यांच्या नेतृत्वाखाली सगळ्यांनी ठरवले की देह किनाऱ्यावर न्यायचा. त्यांनी हृदय आणि आतडी एका झाडाखाली पुरली. त्या वेळी प्रेतसंस्काराची प्रार्थना वाचली जेकबने आणि झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली तीही जेकबने. देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापड आणि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि पन्नास-साठ माणसांचा तो तांडा निघाला. जंगल, ताप, वाटेतल्या चकमकी. उन्यान्येंबेला लेफ्टनंट कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. देह इथेच पुरून टाका, असा त्याचा सल्ला होता. त्यांनी तो मानला नाही. दीड हजार किलोमीटरहून जास्त चालून १८७४च्या फेब्रुवारीत ते बागामोयोच्या किनाऱ्याला पोहोचले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झाले, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट होता.

या प्रवासाला मालकावरच्या इमानाची गोष्ट म्हणून पाहायची व्हिक्टोरियन इंग्लंडला फार हौस होती. ‘विश्वासू सेवक’ हे त्यांचे आवडते चित्र. पण मालक मेला होता, पगाराची शाश्वती नव्हती आणि देह टाकून घरी गेले असते तरी त्यांना विचारणारे कुणी नव्हते. उलट एक गोरा अधिकारीच तो टाका म्हणत होता. तेव्हा त्यांना सेवक म्हणणे अपुरे पडते. ज्यांना कधी काळी जिन्नस म्हणून विकले गेले होते, त्यांनी एका माणसाच्या देहाला जिन्नस होऊ दिले नाही. जेकबने त्या प्रवासाची नोंद लिहून ठेवली आहे. पुढच्या आयुष्यात त्याच्या वाट्याला फारसे मानाचे दिवस आले नाहीत आणि १८९२ साली तो आफ्रिकेतच वारला.

शरणपूरचे दुसरे नाव विल्यम जोन्स. तोही सुटका झालेला, नाशिकला शिकलेला. १८६०च्या दशकातच तो मोम्बासाजवळच्या राबई ठाण्यावर कामाला गेला. पुढे स्वतः प्राइस तिकडे गेला आणि १८७५ साली सुटलेल्या गुलामांसाठी फ्रेरटाउन ही वस्ती उभी राहिली. नाशिकहून दीडशेच्या आसपास आफ्रिकी ख्रिस्ती तिथे स्थलांतरित झाले. १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्सला दीक्षा दिली आणि त्याच वर्षी युगांडाच्या मोहिमेवर बरोबर नेले. वाटेत हॅनिंग्टन मारले गेले. उरलेली तुकडी सुखरूप परत आणण्याचे काम जोन्सने केले. परतताना त्यांच्या निळ्या निशाणावर पांढऱ्या अक्षरांत ‘ईखाबोद’ हे शमुवेलाच्या पुस्तकातले नाव लिहिलेले होते. तेज निघून गेले, असा त्याचा अर्थ.

जोन्सची खरी कसोटी मात्र राबईलाच लागली. मालकांकडून पळून आलेले गुलाम तिथे आसरा मागू लागले. पळालेल्यांना ठेवून घेऊ नका, असे मिशनचे धोरण होते. कायदा मालकांच्या बाजूचा, आणि किनाऱ्यावरच्या अरबांशी वैर घेणे परवडणारे नव्हते. जोन्सने त्यांना हाकलले नाही. १८८८ साली प्रकरण उघडकीला आले तेव्हा राबईत असे शेकडो लोक सापडले. अखेर ब्रिटिश कंपनीचे जॉर्ज मॅकेन्झी यांनी मालकांना भरपाई देऊन त्यांची मुक्तता करून घेतली.

जोन्स कृपेत ठाम उभा राहिला, म्हणजे त्याने काय केले? त्याने शिस्त मोडली. हे वाक्य पाळकांना रुचणार नाही, पण वस्तुस्थिती अशी आहे. स्वतः फुकट सुटलेल्या माणसाने दुसऱ्याकडे सुटकेची पावती मागितली नाही. अंत्युखियात पौलाने पेत्राकडून हीच अपेक्षा केली होती. नाशिकमध्ये सुतारकाम आणि पाढे शिकलेल्या एका मुलाने ती राबईत पुरी केली.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण प्रत्येक ख्रिस्ती व्याख्यानात येते, म्हणून इथे थोडक्यात. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्मा देणाऱ्यांनाही वाटले होते की बाई आता आपल्या शिस्तीत चालतील. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि रमाबाई यांच्यातला पत्रव्यवहार वाचला तर कळते की चालल्या नाहीत. त्रैक्यापासून गळ्यात कोणता क्रूस घालायचा इथपर्यंत त्यांनी प्रत्येक गोष्ट विचारून घेतली आणि पटले तेवढेच घेतले. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी प्रांजळपणे लिहिले, की बाप्तिस्मा झाल्यावर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो १८९१च्या सुमारास सापडला. शारदा सदन, दुष्काळातल्या मुलींसाठी केडगावचे मुक्ती सदन, अखेरच्या वर्षांपर्यंत चाललेले बायबलचे मराठी भाषांतर, १९२१ साली एकुलत्या एक मुलीचा, मनोरमेचा मृत्यू आणि पुढच्या एप्रिलमध्ये स्वतःचा. एवढ्या कामाची पुंजी असलेल्या बाईने देवापुढे ती पुंजी मांडलेली दिसत नाही. तिने केलेल्या कामापेक्षा हे जास्त अवघड असावे.

टिळकांकडे परत येऊ. नगरच्या मिशनमध्ये ते शिकवत, लिहीत, १९१२पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादन करत. ठोंबरे नावाचा एक कोवळा कवी त्यांच्या घरी मुलासारखा राहिला. महाराष्ट्र त्याला बालकवी म्हणून ओळखतो. मिशनऱ्यांबद्दल टिळकांना कृतज्ञता होती आणि त्यांच्या साहेबीपणाची चीडही. ख्रिस्ताने महाराष्ट्रात पाटलोण घालूनच का यावे, हा त्यांच्या लेखनामागचा सततचा प्रश्न. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत, आणि अभंगातून ख्रिस्त गात. पुष्कळ ख्रिस्ती मंडळ्या आज जी भजने गातात त्यांतली कितीतरी त्यांची आहेत. गाणाऱ्यांना ते ठाऊक असतेच असे नाही.

१९१७ साली, पंचावन्न वर्षे उलटल्यावर, त्यांनी मिशनचा पगार सोडला. साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य तिथे एकत्र बसावेत, अशी कल्पना होती. मिशनऱ्यांतल्या काहींना ती धोक्याची वाटली, काहींना त्यातून प्रेरणा मिळाली. त्यांचे चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी पुढे १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ काढला, तो त्याच वळणावरचा. दरबार फार काळ चालला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना अग्नी दिला गेला आणि रक्षा नगरला नेली.

या माणसाने आयुष्यात किती गोष्टी सोडल्या! घर, जात, नोकऱ्या, वाद, पगार. एका नजरेने पाहिले तर हा अस्थिरपणाचा कळस. पण त्यांच्या सोडण्यात १८९५ नंतर फरक पडलेला दिसतो. आधी ते रागाने सोडत. नंतर ते सोडत, कारण त्या गोष्टीवर त्यांचे उभे राहणे अवलंबून नव्हते. बायकोने लिहिलेल्या आठवणींत हा फरक आपोआप दिसतो. तिने तो मुद्दा म्हणून मांडलेला नाही. टिळकांचा संताप कमी झाला असेही तिने कुठे म्हटलेले नाही, आणि त्यामुळेच तिच्यावर भरवसा बसतो.

नाशिकच्या आजच्या मंडळ्यांत साक्षीचा एक साचा ऐकू येतो. प्रार्थना केली आणि सातपूरच्या कारखान्यात कायम झालो. प्रार्थना केली आणि व्हिसा मिळाला, गाठ विरघळली, घराचे कर्ज मंजूर झाले. ज्यांना मिळाले त्यांच्या आनंदाची टिंगल करण्याचे कारण नाही. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला हजारो माणसे मेणबत्त्या आणि नवस घेऊन येतात, त्यांत हिंदू भाविकही असतात. तिथल्या रांगेतल्या आईला व्याख्यान देण्यात अर्थ नाही. पण मंचावरून उपदेश करणाऱ्यांनी हिशेब नीट ठेवायला हवा. कायम होण्याला कृपा म्हटले तर कपात झालेल्याला काय म्हणायचे? त्याची श्रद्धा कमी पडली, हे उत्तर तयार असते. ते उत्तर जलालपूरच्या वाड्यातले आहे. फक्त पाण्याच्या जागी प्रार्थना आली, एवढाच फरक.

लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काय आले ते पाहावे. माहेर तुटले, जुन्या ओळखी तुटल्या, प्लेग आणि दुष्काळ जवळून पाहिले. टिळक गेले तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या. वैधव्यात नोकरी केली, गावे बदलली आणि अखेर नाशिकला येऊन राहिल्या. यातले काही त्यांनी कृपेचा पुरावा म्हणून सादर केले नाही आणि कृपा आटल्याचा पुरावा म्हणूनही नाही. ‘स्मृतिचित्रे’त नवऱ्याची फजिती आहे, स्वतःची त्याहून जास्त आहे, मिशनऱ्यांची आहे आणि ब्राह्मणांचीही आहे. द्वेष मात्र कुणाचाच नाही. ज्या नातेवाइकांनी त्यांना ख्रिस्ती झाल्यावर दूर केले, त्यांच्याविषयीही त्या मायेने लिहितात. ठाम माणूस कडवटच असायला हवा, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. या पुस्तकात ती कुठेच सापडत नाही. शाळेत न गेलेल्या बाईचे हे पुस्तक १९३४ ते १९३६च्या दरम्यान भागाभागाने छापले गेले आणि मराठी गद्याच्या पहिल्या रांगेत जाऊन बसले.

त्याच वर्षांत त्या आणखी एक काम करत होत्या. टिळकांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले होते. दहा-अकरा अध्यायांवर ते थांबले. लक्ष्मीबाईंनी त्यापुढे चौसष्ट अध्याय लिहिले. विद्वान कवीने सोडलेला ग्रंथ कामचलाऊ अक्षरओळख असलेल्या बायकोने पुढे न्यावा, याचे कुणाला हसू आले असेल तर त्याची त्यांनी पर्वा केली नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा शेवटचा अध्याय राहिला होता. पंढरपूरला आईच्या कडेवर असलेला तो दत्तू, म्हणजे देवदत्त टिळक, यांनी तो लिहिला आणि शहात्तर अध्यायांचे ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली प्रसिद्ध झाले.